ओट्याएवढी गाडी: स्ट्रॅटॉस झीरोमध्ये माणूस बसवला कसा?

प्रश्न असा आला आहे: "१९७० च्या ट्यूरिन मोटर शोमधली लान्चिया स्ट्रॅटॉस झीरो जमिनीपासून छतापर्यंत फक्त ८४ सेंटिमीटर होती, असे वाचले. ती खरोखर रस्त्यावर चालायची, की प्रदर्शनात मांडलेला नुसता पुतळा होता? आणि मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला आज अशी गाडी डिझाइन करायची झाली तर सुरुवात कुठून करावी?"

चालायची. कशी चालायची त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी तो ८४ चा आकडा नीट डोळ्यांसमोर आणा. घरातल्या स्वयंपाकाच्या ओट्याला टेप लावा, ८० ते ८५ सेंटिमीटर भरेल. म्हणजे आई ज्या उंचीवर पोळ्या लाटते तिथे या गाडीचे छत संपते, आणि त्याखाली दोन माणसे, इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी आणि चार चाके. आपली जुनी मारुती ८०० सुमारे १४० सेंटिमीटर उंच होती. ज्या फोर्ड जीटी४० च्या नावातच ४० इंच उंची आहे, तीसुद्धा झीरोपेक्षा वीतभर उंच भरते.

मी सव्वीस वर्षे पुण्यात बॉडी पॅकेजिंग करतो. पॅकेजिंग म्हटले की लोकांना खोके आठवतात. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ वेगळा: डिझायनर रेषा काढतो, आणि त्या रेषेच्या आत माणूस, इंजिन, टाकी, रेडिएटर, चाके आणि वायपरची मोटर कोंबायची भांडणे आमच्या टेबलावर येतात. त्यामुळे झीरोचा फोटो दिसला की बाकीचे तिचा पाचरीसारखा आकार बघतात, आणि माझी नजर आधी ड्रायव्हरचे ढुंगण जमिनीपासून किती वर आहे तिकडे जाते. ते किती वर ठेवायचे हे ठरले की बाकीची गाडी जवळजवळ ठरते. ट्यूरिनच्या बेर्तोने या डिझाइन कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनीची ही गाडी भन्नाट दिसते ती याच ठिकाणी हट्ट धरल्यामुळे, असे माझे मत आहे.

हिशेब मांडून दाखवतो. हे माझे आडाखे आहेत, बेर्तोनेच्या कारखान्यातली मापे नव्हेत. नेहमीच्या गाडीत पाठ उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश मागे कललेली असते. मध्यम बांध्याच्या पुरुषाचे नितंबाच्या सांध्यापासून डोळ्यापर्यंतचे अंतर ७० सेंटिमीटर धरा. २५ अंशांवर त्याची उभी उंची होते ६३. तीच पाठ ५० अंशांवर निजवली तर उरतात ४५. नुसते माणसाला कलते करून १८ सेंटिमीटर कमावले! आता खालून बेरीज करा: जमिनीपासून तळापर्यंत १०, तळाची जाडी ३, तळापासून नितंबाच्या सांध्यापर्यंत १०, तिथून डोळा ४५, डोळ्यावरचे डोके १२, केस आणि छत यांच्यामध्ये ३. झाले ८३.

म्हणजे झीरोच्या आकड्यात जादू काही नाही. माणसाला सीटवर बसवायचे सोडून निजवायचे, एवढे एकदा मान्य केले की ओट्याची उंची आपोआप येते. पण मग तक्रारी सुरू होतात. पाठ ५० अंशांवर गेली की मान पुढे वाकवावी लागते, रात्री अंथरुणात पडून पुस्तक वाचतो तशी. दहा मिनिटे बरे वाटते, तासाभराने मानेला रग लागते. टक्कर झाली तर असा निजलेला माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो, हे त्याहून वाईट. शिवाय पाय लांब पसरतात, म्हणजे पेडल थेट पुढच्या चाकांच्या मधोमध जाऊन बसतात, आणि चाकांच्या कमानी आत घुसत असल्यामुळे पाय गाडीच्या मध्याकडे तिरके ठेवावे लागतात. झीरोचे प्रवासी इतके पुढे आहेत की गाडीला बॉनेट असे काही उरलेलेच नाही.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. माणूस निजवता येतो, इंजिन कसे निजवणार? इथे लान्चिया कंपनीचीच फुल्विया ही गाडी उपयोगी पडली. फुल्वियाचे व्ही४ इंजिन, म्हणजे व्ही अक्षराच्या आकारात मांडलेले चार सिलिंडर, मुळातच विचित्र होते. त्याच्या सिलिंडरांमधला कोन इतका अरुंद की दोन्ही रांगांना मिळून एकच हेड, म्हणजे वरचे झाकण, पुरायचे, आणि म्हणून लांबीला ते अगदी आखूड. पुन्हा मूळ गाडीत ते ४५ अंश एका बाजूला कललेले बसवलेले असे. आखूड आणि कललेले इंजिन, शिवाय फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीतले असल्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचा एकच गठ्ठा. बेर्तोनेच्या माणसांनी १.६ लिटरचा, सुमारे ११५ अश्वशक्तीचा हा गठ्ठा पुढून काढून सीटच्या मागे ठेवला आणि मागची चाके फिरवली. फ्रंट-व्हील-ड्राइव्हची यंत्रणा उचलून मधल्या इंजिनाची गाडी करायची ही युक्ती पुढे बऱ्याच जणांनी वापरली, फिअॅट एक्स१/९ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. तीही बेर्तोने आणि गांदिनीचीच, १९७२ ची. झीरोत इंजिनावर त्रिकोणी जाळीदार झाकण आहे. फोटोत ते दागिन्यासारखे दिसते, पण त्या झाकणाखालची गरम हवा बाहेर जायला दुसरी सोयीची जागा नव्हती, हे विसरू नका.

आता दार. गाडीची कूसच इतकी बुटकी की तिथे दार कापले तर त्यातून माणूस आत शिरणार कसा? म्हणून गांदिनीने समोरची काचच दार केली. ती वरच्या कडेवर बिजागरीने उचलली जाते, स्टीअरिंगचा दांडा पुढे कलतो, आणि तुम्ही नाकावरच्या काळ्या रबरी पट्टीवर पाय देऊन, होडीत उतरावे तसे समोरून आत उतरता. ड्रायव्हरच्या समोर काचेशिवाय काहीच नसल्यामुळे मीटर ठेवायला जागा नाही, ते डाव्या कुशीला गेले. पुढचे दिवे म्हणजे नाकाच्या धारेत बसवलेली सलग पट्टी, आणि मागे कापलेल्या शेपटीच्या कडेने बारीक बल्बांची माळ. सर्वसाधारण गोल दिवा त्या नाकात मावलाच नसता. म्हणजे गाडीवर जे जे अंतराळयानासारखे वाटते, त्यातले बरेचसे जागा नाही म्हणून तसे झाले आहे. मला झीरो आवडते ती यासाठी.

काचेविषयी जरा जास्त लिहितो, कारण आमच्या पोरांची इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. स्केचमध्ये काच जितकी आडवी तितकी गाडी वेगवान दिसते. पण प्रकाशाला स्केच कळत नाही. काचेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशातला साधारण ८ टक्के भाग दोन्ही पृष्ठभागांवरून परत फिरतो. काच कलवत गेलो की हे प्रमाण आधी हळूहळू आणि मग एकदम चढते. उभ्या रेषेपासून ६० अंश कललेल्या काचेत, म्हणजे आजच्या बऱ्याच मोटारींत, १६ टक्के जातात. ७० अंशांवर २७ च्या आसपास. ८० अंशांवर निम्म्याहून जास्त प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. यात काचेचा रंग, धूळ, पावसाचे पाणी काहीच धरलेले नाही, हे नुसते परावर्तनाचे सूत्र आहे, बारावीच्या भौतिकशास्त्राच्या थोडे पुढचे. कागद घेऊन करून बघा. रात्री, पावसात, समोरून ट्रकचा अप्पर आला की या आकड्यांचा अर्थ कळतो. शिवाय आतल्या डॅशबोर्डचे प्रतिबिंब त्याच काचेत तरंगत राहते, आणि काच वळणदार असेल तर रस्त्यावरचा पांढरा पट्टा दुहेरी दिसतो.

दुहेरी पट्टा मी स्वतः पाहिला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका कंपनीसाठी प्रदर्शनाची दोन सीटची गाडी करत होतो. छत ४० मिलिमीटर खाली आणा, असा निरोप वरून आला. आणले. काच आणखी निजली. प्लायवूडचा सांगाडा, ज्याला आम्ही बक म्हणतो, त्यात बसून सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बकला काच नव्हती! खरी काच बसवलेली गाडी उन्हात फिरवली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पट्टे दोन आहेत का एक?" प्रदर्शनात ती गाडी ढकलत नेऊन मांडली. फोटो मात्र छान आले.

पन्नास वर्षांपूर्वीचे इटालियन लोक हे सगळे करत कशावर होते, तेही सांगायला हवे. कॉम्प्युटर नव्हता. डेट्रॉइटमध्ये क्लेची मॉडेल करत. ट्यूरिनच्या कारोझेरियांमध्ये, म्हणजे मोटारींच्या बॉड्या घडवणाऱ्या कारखान्यांमध्ये, भिंतीवर पूर्ण आकाराचे आरेखन लावत, त्यावरून लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा साचा उभा राही, आणि पत्रा ठोकणारे कारागीर, ज्यांना तिथे बात्तिलास्त्रा म्हणतात, ते हातोडीने पत्र्याला त्या साच्यावर आकार देत. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून कधी चालत गेला असाल तर तो आवाज कानात बसलेला असेल. इटलीत पूर्ण आकाराची मोटार मावेल असा, बेर्तोनेच्या स्पर्धक पिनिनफरिना कंपनीचा वाऱ्याचा बोगदा (विंड टनेल) १९७२ मध्ये सुरू झाला, म्हणजे झीरो त्याच्या आधीची. पाचरीचा आकार हवेला फायद्याचा, हे तेव्हा बोगद्यातल्या आकड्यांपेक्षा अनुभवावरून आणि तर्कावरून मानले जात होते. गांदिनीचा स्वतःचा अनुभव १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराचा. ती देखणी गाडी मोठ्या वेगात नाक उचलायची, आणि टाकी पुढे असल्यामुळे पेट्रोल संपत आले की नाक आणखी हलके व्हायचे. १९६८ च्या पॅरिस शोमधल्या अल्फा रोमिओ कराबोमध्ये त्याने नाक धारेसारखे खाली आणले आणि गाडी ९९ सेंटिमीटरवर बसवली. वर उचलली जाणारी कात्रीसारखी दारे तिथूनच सुरू झाली.

मग चढाओढ लागली. मार्च १९७० मध्ये जिनिव्हाला पिनिनफरिनाने पाओलो मार्तिनची फेरारी मोदुलो मांडली, उंची ९३.५ सेंटिमीटर, चारही चाके झाकलेली, आणि वरचे अख्खे घुमट पुढे सरकवून आत शिरायचे. त्याच वर्षी ट्यूरिनमध्ये बेर्तोनेने ८४ चा पत्ता टाकला. यात थोडा पोरकटपणा होता हे मी नाकारत नाही. पण कंपनीचा मालक नुच्चिओ बेर्तोने धंद्याचा पक्का माणूस. लान्चियाची कामे तेव्हा बरीचशी पिनिनफरिनाकडे जात, कंपनी १९६९ मध्ये फिअॅटच्या ताब्यात गेलेली, आणि तिथे आपला पाय शिरवायला त्याला निमित्त हवे होते. म्हणून त्याने लान्चियाचेच इंजिन घेऊन ही गाडी बांधली. प्रदर्शनात तिचे नाव स्ट्रॅटॉस एचएफ होते. 'झीरो' हे नाव नंतर रुळले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. लान्चियाच्या अधिकाऱ्यांनी भेटीला बोलावले तेव्हा बेर्तोने ही गाडी ट्रकवर लादून न नेता स्वतः ट्यूरिनच्या रस्त्यांवरून चालवत घेऊन गेला. कंपनीच्या फाटकावर आडवा दांडा होता. तो वर होण्याची वाट न पाहता गाडी दांड्याखालून सरळ आत गेली, आणि आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला मीठमसाला लागला असेलच. पण ८४ सेंटिमीटरच्या गाडीला फाटकाचा दांडा आडवा येत नाही, हे गणित पक्के आहे. आपल्याकडचा स्पीडब्रेकर मात्र आला असता.

त्या भेटीतून काम मिळाले. लान्चियाच्या रॅली संघाचा प्रमुख चेझारे फिओरिओ याला फुल्वियाच्या जागी नवी गाडी हवी होती, आणि ती मुळातच रॅलीसाठी बांधलेली हवी होती. १९७१ च्या ट्यूरिन शोमध्ये बेर्तोनेने दुसरी स्ट्रॅटॉस आणली. तिच्यात झीरोतले काय उरले आणि काय गेले, हे शेजारी शेजारी फोटो ठेवून बघाच.

गेले ते असे: समोरचे काचेचे दार, निजलेला ड्रायव्हर, ८४ सेंटिमीटर. उंची १११ वर आली, कारण रॅलीच्या ड्रायव्हरला हेल्मेट घालून, ताठ बसून, बर्फातला वळणाचा आतला कोपरा दिसला पाहिजे. दारे साधी झाली, आणि त्यांच्या आतल्या बाजूला हेल्मेट ठेवण्याइतके खोल कप्पे केले. व्ही४ च्या जागी फेरारी डिनोचे २.४ लिटरचे व्ही६ आले, सीटच्या मागे आडवे बसवलेले. उरले ते म्हणजे मांडणी: माणसे पुढे, इंजिन लगेच पाठीशी, दोन्ही टोकांना जवळपास काहीच नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, फक्त २.१८ मीटर. एवढ्या आखूड व्हीलबेसची गाडी सरळ रस्त्यावर बिचकते, पण घाटाच्या वळणात भिंगरीसारखी फिरते, आणि रॅलीवाल्यांना तेच हवे होते. मधला सांगाडा पोलादी, पुढचे आणि मागचे कवच फायबरग्लासचे, आणि दोन्ही कवचे पुरती उघडणारी, म्हणजे मेकॅनिकला मिनिटांत गिअरबॉक्सपर्यंत हात घालता येतो.

माझ्या डोळ्यांना त्या गाडीतले सर्वांत हुशार काम म्हणजे तिची समोरची काच. ती दंडगोलाचा सरळ कापलेला तुकडा आहे. एकाच दिशेने वळलेली काच असल्यामुळे वळण सगळीकडे सारखे, म्हणून नजरेत विकृती कमी, आणि हेल्मेटच्या व्हायझरसारखी ती दोन्ही कुशींना वळत जाते. झीरोच्या काचेत देखणेपणा होता, या काचेत समज आली. स्ट्रॅटॉसने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद घेतले, सांद्रो मुनारी तिचा सर्वांत गाजलेला ड्रायव्हर. पाचशेच्या आत गाड्या बनल्या. मूळ झीरो मात्र बेर्तोनेकडेच राहिली. पुढे कंपनी अडचणीत आल्यावर २०११ मध्ये कोमो सरोवराकाठच्या लिलावात ती ७,६१,६०० युरोंना गेली.

असेच दुसरे उदाहरण गांदिनीच्याच लॅम्बोर्गिनी काउंटाचचे, ते थोडक्यात सांगतो. १९७१ च्या जिनिव्हा शोमधली एलपी५०० गाडी स्वच्छ, एकही भोक नसल्यासारखी. लॅम्बोर्गिनीचा अभियंता पाओलो स्तान्झानीने तिच्यात बारा सिलिंडरांचे व्ही१२ इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवून गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन सीटच्या मध्ये आणला, म्हणजे गिअरचा दांडा थेट हाताखाली आणि वजन मध्यात. चाकांकडे जाणारा शाफ्ट इंजिनाच्या ऑइल संपमधून (तळाच्या तेलाच्या पात्रातून) परत मागे जातो. विलक्षण डोके! पण इंजिन तापू लागले, आणि १९७४ मध्ये विकायला आलेल्या गाडीच्या कुशीत मोठे हवेचे खड्डे आणि खांद्यावर खोकी आली. लोक आज त्या खोक्यांनाच काउंटाचचे सौंदर्य म्हणतात. ती उष्णतेने काढलेली रेषा आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आज तुम्ही विजेवर चालणारी घ्याल असे धरतो. मग इंजिन निजवायचे कोडे सुटते आणि त्याच्या जागी बॅटरी येते. नेहमीच्या इलेक्ट्रिक गाडीत ती तळाशी सपाट पसरलेली असते आणि दहा ते पंधरा सेंटिमीटर खाते. वरच्या बेरजेत तळाच्या ३ च्या जागी १३ घाला, गाडी लगेच ९३ वर गेली. म्हणून खरी बुटकी इलेक्ट्रिक गाडी बॅटरी माणसाच्या खाली ठेवत नाही. पिनिनफरिना बत्तिस्ता बघा: १२० किलोवॉट-तासांची बॅटरी इंग्रजी टी अक्षराच्या आकारात, मधल्या बोगद्यात आणि सीटच्या मागे. म्हणजे जिथे गांदिनीने फुल्वियाचे इंजिन ठेवले होते, तिथेच. ही बत्तिस्ता महिंद्रांच्या मालकीच्या कंपनीची आहे आणि पिनिनफरिना २०१६ पासून त्यांच्याच समूहात आहे, तेव्हा तुमच्या बायोडाटाला ट्यूरिनचा रस्ता मुंबईतूनही सापडू शकतो.

सुरुवात कुठून, तर कॉम्प्युटर उघडू नका. चार दिवस स्केचही करू नका. घरात सतरंजी टाका, पाठीमागे उश्या रचून भिंतीला टेका आणि पाय पसरा. समोर दोन मीटरवरच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढा आणि मान न वाकवता ती दिसते का ते बघा. एखादी उशी काढा, पुन्हा बघा. मित्राला सांगा जमिनीपासून डोळा, डोके आणि गुडघा यांची मापे घ्यायला. गुडघ्याचे माप विसरू नका, माणूस निजला की बरेचदा गुडघाच डोळ्याच्या आड येतो आणि पुढची काच किती खाली नेता येईल ते तोच ठरवतो. मग तसेच पडून अर्धा तास टीव्ही बघा आणि मान कुठल्या मिनिटाला दुखायला लागली ते लिहून ठेवा. हे तुमच्यापेक्षा उंच आणि तुमच्यापेक्षा बुटक्या अशा दोघांवर करा, जमल्यास बहिणीवर आणि काकांवर. त्या तिघांचे नितंब, डोळा, गुडघा आणि टाच हे बिंदू एका ग्राफ पेपरवर मांडा, एकास दहा प्रमाणात. त्यानंतर टाचेच्या दोन्ही बाजूंना पुढची चाके काढा, आणि चाक वळले की बुटाला लागते का ते बघा.